चाक जागीच फिरू लागते तेव्हा

डिसेंबरची सुट्टी. मनालीला स्वतःची गाडी घेऊन गेलेले एक कुटुंब सकाळी सोलंगच्या पुढे अटल बोगद्याकडे निघाले आहे. रात्री बर्फ भुरभुरून गेले आहे. रस्ता मात्र वरून काळाभोर आणि स्वच्छ दिसतो. चढावरच्या एका वळणावर पुढची टॅक्सी थांबते, म्हणून यांनाही थांबावे लागते. पुन्हा निघताना इंजिन गुरगुरते, पण गाडी जागची हलत नाही. स्पीडोमीटरजवळ एक पिवळा दिवा लुकलुकू लागतो. त्यावर गाडीचे चित्र आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेघा.

"काही बिघडलं का रे?" मागच्या सीटवरून आजी विचारतात. मुलगा उत्तर न देता अॅक्सिलरेटर आणखी दाबतो.

बिघडलेले काहीच नसते. उलट, गाडीतली एक यंत्रणा त्या क्षणी इमानेइतबारे काम करीत असते. तिचे नाव ट्रॅक्शन कंट्रोल. 'रस्ता निसरडा आहे, पाय जरा सैल सोडा', एवढाच त्या दिव्याचा निरोप असतो. मुलाने नेमके उलटे केले, इतकेच.

रस्ता आणि टायर यांच्यात जी पकड असते, तिच्या जोरावरच गाडी पुढे जाते. इंजिन कितीही ताकदवान असो, ती ताकद शेवटी तळहाताएवढ्या जागेतून रस्त्याला मिळते. कारण प्रत्येक टायर रस्त्याला तेवढाच टेकलेला असतो. पकडीपेक्षा जास्त जोर लावला की चाक जागच्या जागी फिरते. आणि एकदा चाक असे फिरू लागले की उरलीसुरली पकडही कमी होते.

त्यात आणखी एक अडचण असते. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन चाकांमध्ये डिफरन्शियल नावाची गिअरची जोडणी बसवलेली असते. ती असते पंगतीतल्या काटेकोर वाढप्यासारखी, दोघांना अगदी सारखेच वाढणारी. एक चाक बर्फावर असले आणि त्याला थोडाच जोर पचत असला, तर कोरड्या जागेवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच थोडा जोर मिळतो. एक चाक गरगर फिरते, दुसरे ढिम्म राहते आणि गाडी तिथेच अडते.

ट्रॅक्शन कंट्रोल यावर दोन उपाय करते. प्रत्येक चाकापाशी त्याची गती मोजणारा सेन्सर असतो. एखादे चाक इतरांपेक्षा भलतेच वेगाने फिरतेय असे दिसले, की ही यंत्रणा फक्त त्या चाकाला ब्रेक लावते. त्या चाकाला अडथळा झाला की डिफरन्शियलला दुसऱ्या चाकाकडेही जास्त जोर पाठवावा लागतो. तेवढ्याने भागले नाही तर ती इंजिनाची ताकदच कमी करते. चालकाचा पाय अॅक्सिलरेटरवर असला तरीही! हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते.

हेच सेन्सर एबीएस ब्रेकसाठीही वापरतात. १९७८ मध्ये मर्सिडीजच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक एबीएस आले आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच पायावर महागड्या गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल उभे राहिले. भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक झाले. ट्रॅक्शन कंट्रोल मात्र प्रत्येक गाडीत असेलच असे नाही. आपल्या गाडीत ते आहे का, हे गाडीबरोबर मिळालेल्या माहितीपुस्तिकेत पाहून ठेवावे.

चढली म्हणजे उतरेलच असे नाही

आता खरी गोष्ट. ही यंत्रणा पकड निर्माण करीत नाही. असलेली पकड नीट वापरते, एवढेच. आणि ती कामाला येते फक्त गाडी निघताना किंवा वेग घेताना. थांबण्याशी तिचा संबंध नाही.

९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. त्याआधी रोहतांग खिंड हिवाळ्यात बर्फाने बंद होई आणि लाहौलकडे जाणारी वाट थांबे. आता भर हिवाळ्यातही मैदानी भागातली माणसे आपल्या गाडीने बोगद्यापर्यंत आणि पलीकडे सिस्सूपर्यंत जातात. त्यांतल्या कित्येकांनी बर्फावर कधी गाडी चालवलेली नसते. ट्रॅक्शन कंट्रोल असलेली गाडी चढ चढून जाते, त्यामुळे वाटते की रस्ता ठीक आहे. दुपारनंतर ऊन उतरते, वितळलेले पाणी पुन्हा गोठते आणि परतीच्या उतारावर त्याच गाडीला थांबायची वेळ येते.

सपाट, कोरड्या डांबरावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून साधारण ९ ते १० मीटरमध्ये थांबते. दाबल्या गेलेल्या बर्फावर तिला सुमारे ३० मीटर लागतात आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर ६० मीटरही. उतारावर त्याहून जास्त. एबीएसमुळे चाके जाम होत नाहीत आणि स्टिअरिंग हाती राहते, पण अंतर काही जादूने कमी होत नाही.

म्हणून चढताना तो पिवळा दिवा वारंवार लुकलुकू लागला, तर मनात एकच प्रश्न आणावा: याच रस्त्याने उतरता येईल का? शंका असेल तर रुंद, सपाट जागा पाहून गाडी वळवावी. बर्फ पडल्यावर पोलिसांनी फोर बाय फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच पुढे सोडले, तर वाद घालू नये. आणि फोर बाय फोर गाडीलाही ब्रेक चारच चाकांना असतात, इतर गाड्यांसारखेच! उतरताना पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या रोधावर, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवून उतरावे.

बटण कधी बंद करावे?

रोजच्या वापरात कधीच नाही. पावसातला घाट असो, शहरातला ओला उड्डाणपूल असो की रस्त्यावर सांडलेले तेल, यंत्रणा चालूच हवी.

बंद करण्याची वेळ येते ती गाडी रुतल्यावर. जैसलमेरजवळची वाळू, कोकणातली किनाऱ्यावरची पुळण, पावसाळ्यातला शेताचा चिखल किंवा नुकतेच पडलेले भुसभुशीत बर्फ यांतून सुटण्यासाठी चाक थोडे फिरावेच लागते. यंत्रणा मात्र चाक फिरले की इंजिनाचा जोर काढून घेते आणि गाडी दम टाकते. अशा वेळी बटण दाबून ती बंद करावी. चाके सरळ ठेवावीत, चाकासमोरची माती उकरावी, खाली गोणपाट किंवा पायपुसणी घालावी आणि अगदी हलक्या पायाने गाडी पुढे घ्यावी. चाक नुसतेच खड्डा करू लागले तर लगेच थांबावे. फिरत्या चाकामागे कोणालाही उभे करू नये. चाकांना साखळ्या लावल्यावरही काही गाड्यांत यंत्रणा बंद ठेवण्याची सूचना असते. ती पुस्तिकेत पाहावी.

गाडी कडक जमिनीवर आली की पहिले काम बटण पुन्हा दाबणे. बहुतेक गाड्यांत इंजिन बंद करून सुरू केल्यावर यंत्रणा आपोआप चालू होते. दिवा लुकलुकत असेल तर यंत्रणा काम करतेय असे समजावे. कायम पेटलेला असेल तर ती बंद आहे किंवा बिघडली आहे.

टायर गुळगुळीत झाले असतील तर मात्र कोणतीही यंत्रणा हात टेकते. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदललाच पाहिजे. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने त्याआधीच बदलावा.

सोलंगच्या चढावर त्या मुलाने अखेर पाय सैल सोडला. गाडी हलकेच सरकली. पुढच्या रुंद जागेवर त्याने ती मनालीकडे वळवली. नातवंडे हिरमुसली, पण आजींनी डब्यातल्या पुऱ्या बाहेर काढल्या. बर्फ काय, वाटेच्या कडेलाही होते.