सोमवारचा रस्सा

बेल्ह्याच्या बाजारात मटण-भाकरी खायची असेल तर भूक आणि सवड दोन्ही बरोबर न्यावी लागतात. आळेफाटा सोडून नगरच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर हे गाव येते. सोमवार हा एरवी अनेकांचा महादेवाचा वार. घरी त्या दिवशी सामिषाचे नाव काढायची सोय नाही. पण बेल्ह्याचा सोमवार बैलबाजाराचा, आणि बाजाराला आलेल्या माणसाचा उपास बहुधा दावणीपाशीच सुटतो. पत्र्याच्या छपराखाली चुलीवर मोठी पातेली चढलेली असतात. बाजरीच्या भाकऱ्या थापणाऱ्या बायकांचे हात थांबत नाहीत. जागा मिळेपर्यंत उभे राहायचे, आणि ज्याच्या शेजारी बाक रिकामा होईल त्याच्या शेजारी बसायचे.

गेल्या महिन्यात मी असाच बसलो. ताटात दोन भाकऱ्या, वाटीत बोकडाचे चार तुकडे, कांदा, लिंबू आणि वरून वाढायला रस्सा. भाकरी कुस्करून तिचा काला करायचा आणि रस्सा मुरला की खायचा, ही इथली रीत. समोरच्या म्हाताऱ्यांनी माझ्या ताटाकडे पाहिले आणि म्हणाले, ''पाव्हणं, आधी मटण संपवू नका. मटण शेवटाला. पोट भाकरीनं भरायचं असतं.'' त्या एका वाक्यात या जेवणाचे सारे अर्थशास्त्र होते. मटण थोडे, रस्सा पुष्कळ, भाकरी पोटभर. पहाटे बैल घेऊन निघालेल्या, पाच-दहा कोस चालत आलेल्या माणसासाठी हे जेवण तयार झाले.

मी पहिल्यांदा इथे आलो तो वडिलांचे बोट धरून. आमच्या जोडीतला एक बैल थकला होता. हेडी आला, त्याने दात पाहिले, वशिंडावर हात फिरवला, मग रुमालाखाली दोघांची बोटे हलली आणि सौदा झाला. वडिलांनी बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ सोडून पिशवीत ठेवली. नंतर आम्ही जेवायला बसलो. मला त्यांनी रस्सा मागून घेऊन वाढला. स्वतः मात्र कांदा-भाकरी खाल्ली. का, ते मला कळले नाही आणि मी विचारलेही नाही. आठ दिवसांनी त्याच पैशांत भर घालून त्यांनी नवा खोंड आणला. म्हातारा बैल विकला जात होता म्हणूनच तरणा बैल दावणीला येत होता, हे व्यवहाराचे सूत्र कळायला मला बरीच वर्षे लागली.

परवा त्याच बाकावर बसून मी आजूबाजूच्यांचे बोलणे ऐकत होतो. नांगराच्या बैलाचा विषय फारसा निघालाच नाही. एका बाजूला आदत आणि दुसा खोंडांच्या शर्यतीतल्या पल्ल्याची चर्चा, दुसऱ्या बाजूला दुधाच्या दराची. दोन तरुण मुंबईहून केवळ जेवायला आले होते. जेवणाऱ्यांची गर्दी आहे; पण ज्या माणसासाठी हे जेवण जन्माला आले तो गर्दीत शोधावा लागतो. बाजाराची तब्येत दावणीवर दिसते तशी ती पंगतीतही दिसते.

हे एकट्या बेल्ह्याचे दुखणे नव्हे. 2012 च्या पशुगणनेत देशातल्या गोवंशातील नरांची संख्या सुमारे 6 कोटी 79 लाख होती. 2019 च्या गणनेत ती सुमारे 4 कोटी 74 लाखांवर आली. सात वर्षांत सुमारे तीस टक्के घट. त्याच काळात गायींची संख्या मात्र अठरा टक्क्यांनी वाढली. पहिले कारण उघड आहे : ट्रॅक्टर. कुकडी प्रकल्पाचे पाणी आले, ऊस, कांदा आणि टोमॅटो आले, तशी जुन्नरच्या शेतकऱ्याला नांगरटीची घाई झाली. तासाच्या कामासाठी वर्षभर दोन तोंडांना वैरण घालणे परवडेना. दुधासाठी संकरित गाय आली. तिचा गोऱ्हा औताला चालत नाही.

परंतु सगळे खापर ट्रॅक्टरवर फोडून चालणार नाही. गोवंशहत्याबंदीची व्याप्ती बैलांपर्यंत वाढवणारे विधेयक राज्याच्या विधिमंडळाने 1995 मध्ये संमत केले. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली ती वीस वर्षांनी, 2015 मध्ये. त्या कायद्यामागची श्रद्धा मी नाकारत नाही. ज्या तालुक्यात ज्ञानदेवांच्या रेड्याची समाधी आळ्याला भक्तिभावाने पुजली जाते, तिथल्या माणसाला जनावराविषयीची माया शिकवावी लागत नाही. प्रश्न आहे तो त्या मायेचा खर्च कोणी उचलायचा हा. थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक उरले नाही, तर नव्या बैलाच्या भांडवलातला एक हिस्सा बुडतो. 2024 मध्ये शासनाने गोशाळांतील देशी गायींसाठी दररोज पन्नास रुपयांचे अनुदान ठरवले. स्वतःच्या गोठ्यात म्हातारा बैल पोसणारा शेतकरी त्या हिशेबात कुठेच नाही.

शर्यतींनी बैलाला पुन्हा किंमत दिली, असे सांगितले जाते आणि ते खोटे नाही. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या. 2017 मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने तो कायदा उचलून धरला. तेव्हापासून चपळ खिलार खोंडाची किंमत लाखांत बोलली जाते. मात्र हा बैल हौसेचा आहे. घाटात पहिला येणारा एक असतो, आणि मागे राहणारे पुष्कळ. त्या मागे राहिलेल्यांचे काय, हा प्रश्न शर्यतीने सोडवलेला नाही; तो चार वर्षे पुढे ढकलला आहे.

त्यातच बाजार बंद पडण्याचे प्रसंग वाढले. 2020 मध्ये टाळेबंदी आली. 2022 च्या पावसाळ्यात लम्पी त्वचारोगामुळे राज्यभर गुरांचे बाजार थांबवावे लागले. तो निर्णय आवश्यकच होता. 2025 च्या पावसाळ्यात कारण निराळे होते. वाटेत गाड्या अडवल्या जातात, मारहाण होते, अशी तक्रार करत कुरेशी समाजाच्या व्यापाऱ्यांनी राज्यभर जनावरांची खरेदीच थांबवली. तेव्हा अनेक बाजारांत शेतकरी जनावर घेऊन आला आणि तसाच परत गेला. ज्याला आपण खाटीक म्हणून दूर ठेवतो तो आपल्या शेतीच्या हिशेबातला भागीदार आहे, हे त्या काही आठवड्यांनी दाखवून दिले.

या संदर्भात मला जपानमधल्या रामेनची आठवण होते. तिथल्या गल्लीबोळांतला हा शेवयांचा रस्सा मूळचा चिनी. 1910 मध्ये टोकियोच्या असाकुसा भागात निघालेले 'राइराइकेन' हे त्याचे आद्य प्रसिद्ध दुकान मानतात. युद्धानंतर अमेरिकेतून गहू आला आणि हे कामकऱ्याचे स्वस्त, पोटभरीचे जेवण घरोघर ठाऊक झाले. अलीकडे तिथे 'हजार येनची भिंत' असा शब्दप्रयोग रूढ आहे. पीठ, मांस, इंधन सारे महागले, पण एका वाडग्याला हजार येनांहून जास्त द्यायला गिऱ्हाईक नाखूश असते, आणि त्या भिंतीवर आपटून छोटी दुकाने बंद पडतात. बेल्ह्यातही भिंत आहेच. बोकडाचे मटण किलोला सातशे रुपयांच्या पुढे गेले आहे. ताटाचा दर वाढवला तर मुंबईचा पाहुणा कुरकुर न करता देतो; सौदा न होता परतणारा शेतकरी मात्र घरून आणलेली भाकरी सोडतो.

दोन्हींत फरक आहे तो असा. रामेनचे दुकान एका चौकावर उभे असते. बेल्ह्याची पंगत एका बाजारावर उभी आहे. चौक राहिला तर दुकान पुन्हा निघेल. बाजार गेला तर उरेल ती महामार्गावरची आणखी एक खानावळ. तिथे मटण मिळेल, कदाचित अधिक चांगलेही मिळेल. पण हेडी आणि शेतकरी, घेणारा आणि देणारा, सौदा फिसकटल्यावरही एका बाकावर बसून जेवतात, तो बाक मिळणार नाही. तिथे मिळालेला भाव वर्तमानपत्रातल्या भावापेक्षा खरा असतो. कोणाचा बैल का विकला गेला, हेही तिथेच कळते.

उपाय फार अवघड नाहीत. रीतसर पावती आणि पशुवैद्यकाचा दाखला असलेल्या गाडीला रस्त्यावर पोलिसांचे संरक्षण मिळावे. तपासण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला नसावा. गोशाळेला जे अनुदान मिळते त्याचा काही अंश म्हातारा बैल घरी सांभाळणाऱ्यालाही मिळावा. कायदा समाजाच्या श्रद्धेसाठी असेल तर त्याचे बिल एका शेतकऱ्याच्या गोठ्यावर चिकटवणे न्यायाचे नाही.

मी उठलो तेव्हा समोरच्या म्हाताऱ्यांनी आपले मटण संपवलेच नव्हते. दोन तुकडे त्यांनी कागदात बांधून घेतले. ''नातवाला,'' ते म्हणाले. बैल विकला गेला का, असे मी विचारले. त्यांनी बाहेर बोट दाखवले. निंबाखाली एक पांढरा बैल रवंथ करत उभा होता. ''तिसरा सोमवार,'' ते म्हणाले, आणि पैसे द्यायला उठले.