वर्गात झोपणाऱ्या मुलाची तपासणी कोण करणार?

वर्गात वारंवार झोपी जाणाऱ्या मुलाला आळशी ठरवायला आपल्याकडे फार वेळ लागत नाही. बहुतेकदा कारण साधेच असते: अपुरे जागरण-विश्रांतीचे गणित, रक्तक्षय किंवा वाढलेल्या टॉन्सिलमुळे रात्री होणारी श्वासाची कोंडी. परंतु काही मुलांमध्ये ही झोप मेंदूतील आजाराची खूण असते. ती ओळखण्याची जबाबदारी आपण कोणावरच नेमकेपणाने सोपवलेली नाही, असे मला वाटते.

मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधील काही पेशी ओरेक्सिन हे जागृती टिकवणारे रसायन तयार करतात. १९९८ मध्ये त्याचा शोध लागला. या यंत्रणेत बिघाड झाला की नार्कोलेप्सी उद्भवते. बिघाडामागे कधी क्रेनिओफॅरिंजिओमासारखी गाठ असते, कधी मेंदूचा दाह, डोक्याला झालेली इजा किंवा निमन-पिक सी हा आनुवंशिक विकार. काही मुले हसता हसता गुडघे ढिले पडून कोसळतात. शुद्ध मात्र हरपत नाही. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. तिला फेफरे समजले, तर उपचारांची दिशाच चुकते. गाठ दृष्टीच्या नसांवर दाब आणत असेल, तर विलंबाची किंमत डोळ्यांनी मोजावी लागते.

२०१३ पासून राबवल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांमध्ये जाऊन मुलांची तपासणी करतात. त्यांच्या यादीत फेफऱ्याचा समावेश आहे. त्याच भेटीत शिक्षकांना दोन प्रश्न विचारावेत: हे मूल रोज वर्गात झोपते का? हसताना ते अचानक ढिले पडते का? उत्तर होकारार्थी असेल आणि सोबत डोकेदुखी, मंदावलेली दृष्टी किंवा खुंटलेली वाढ दिसत असेल, तर एमआरआयसाठी विनाविलंब पाठवावे. निद्राचाचणीची सोय मोठ्या शहरांपुरती न राहता किमान वैद्यकीय महाविद्यालयांपर्यंत पोहोचावी.

इतक्या दुर्मीळ आजारासाठी एवढा खटाटोप कशाला, हा आक्षेप गैरलागू नाही. परंतु हे प्रश्न केवळ दुर्मीळ आजारासाठी नाहीत. रक्तक्षय आणि रात्रीची श्वासकोंडीही त्यांतूनच उघड होईल. शिवाय दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या विकारांना मान्यता देतो. पण निदानच झाले नाही, तर परीक्षेतील सवलत किंवा दुपारच्या वामकुक्षीची मुभा मागणार कशाच्या आधारावर?

म्हणून मुलाला बाकावर उभे करण्यापूर्वी एकदा डॉक्टरांसमोर उभे करावे. धोरणाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.