ब्रश घेताना ‘डोकं’ बघा!

बालमित्रांनो, सकाळी बेसिनपाशी उभं राहून अर्धवट झोपेतच तोंडात ब्रश फिरवणारे किती जण आहेत तुमच्यात? करा बरं हात वर! अरे बापरे, एवढे? आमच्या वर्गातही असेच भराभर हात वर होतात. मग कुणीतरी हळूच विचारतं, “बाई, तो आपोआप फिरणारा ब्रश घेतला तर?” जाहिरातीत पाहिलेला असतो ना! घरी हट्ट सुरू होतो. आई म्हणते महाग आहे, बाबा म्हणतात बघू पुढच्या महिन्यात, आणि आजी म्हणते, आमच्या वेळी राखुंडी होती!

चला तर, आज हट्ट बाजूला ठेवू आणि वही-पेन्सिल घेऊन बसू.

विजेवर चालणारा ब्रश काही कालचा नाही बरं का. १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये फिलिप-गी वूग यांनी तो बनवला. नाव होतं ‘ब्रॉक्सोडेंट’. ज्यांचे हात नीट चालत नाहीत आणि ज्यांच्या दातांना तारा लावलेल्या आहेत, अशांचा विचार करून तो तयार झाला. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडणार आहे.

आज बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एकाचं डोकं गोल आणि छोटं असतं. ते अर्धवट डावीकडे, अर्धवट उजवीकडे असं झपाझप फिरतं. दुसऱ्याचं डोकं साध्या ब्रशसारखं लांबट असतं. ते फिरत नाही, थरथरतं. त्याला ‘सॉनिक’ म्हणतात. काही सॉनिक ब्रश मिनिटाला तीस हजारांहून जास्त वेळा थरथरतात! आपला हात कितीही चालला तरी हे जमायचं नाही.

मग त्याने दात जास्त स्वच्छ होतात का? २०१४ साली ‘कोक्रेन’ या संस्थेने ५६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ असा ब्रश वापरणाऱ्यांच्या दातांवरचा जंतूंचा चिकट थर साध्या ब्रशपेक्षा सुमारे २१ टक्के कमी आढळला. हिरड्यांची सूज सुमारे ११ टक्के कमी. म्हणजे फायदा आहे. पण पुढे अनेक वर्षांनी दातांना त्याचा किती उपयोग होतो, हे त्या आढाव्यात ठरलेलं नाही. तेव्हा साधा ब्रश वाईट, असं मुळीच समजू नका. साध्या ब्रशने दोन मिनिटं नीट घासणारा मुलगा, महागड्या ब्रशने वीस सेकंदांत आटपणाऱ्याच्या कितीतरी पुढे असतो.

आता खरी गंमत. या ब्रशचे दोन भाग असतात. खाली मूठ, वर डोकं. मूठ काही वर्षं टिकते. डोकं मात्र साध्या ब्रशसारखंच दर तीन महिन्यांनी बदलावं लागतं. केस फिसकटले तर त्याच्याही आधी. शिवाय एका कंपनीचं डोकं दुसऱ्या कंपनीच्या मुठीवर सहसा बसत नाही. म्हणून दुकानात नुसती मुठीची किंमत विचारणारा फसतो!

घ्या उदाहरण. आकडे मी मनाचे घेतले आहेत, तुम्ही तुमच्या दुकानातले घाला. समजा, एक ब्रश ६०० रुपयांचा, सोबत एक डोकं, आणि पुढचं प्रत्येक डोकं ३०० रुपयांना. दुसरा ब्रश १००० रुपयांचा, सोबत एक डोकं, आणि पुढचं डोकं १५० रुपयांना. दोन वर्षांत डोकी लागणार आठ. एक आहे, सात विकत घ्यायची. पहिल्याचा खर्च ६०० अधिक २१००, म्हणजे २७००. दुसऱ्याचा १००० अधिक १०५०, म्हणजे २०५०. पाहिलंत? ‘स्वस्त’ ब्रश ६५० रुपयांनी महाग पडला! आणि ४० रुपयांचा साधा ब्रश घेतला तर दोन वर्षांचे होतात फक्त ३२० रुपये. हाही आकडा वहीत लिहून ठेवा.

आईबाबांनो, आता थोडं तुमच्याशी. दुकानात एवढंच तपासा. डोकी सहज मिळतात का? केस मऊ आहेत का? दोन मिनिटांनी इशारा देणारं घड्याळ आहे का? जोरात दाबलं तर सांगणारी सोय असेल तर उत्तमच, कारण जोर लावल्याने हिरड्या दुखावतात. बाकी मोबाइलशी जोडणं, पाच-सहा तऱ्हा, रंगीत दिवे यांच्यासाठी जास्त पैसे मोजू नका. दुसऱ्या कंपनीची स्वस्त डोकी घेतलीत तर ती मुठीवर घट्ट बसतात का ते बघा. डुगडुगणारं डोकं मुलाच्या तोंडात नको. एकच मूठ सगळ्या घराला चालते, पण डोकं प्रत्येकाचं वेगळं. ओळखायला बऱ्याच डोक्यांवर रंगीत कडी असतात.

पेन्सिल सेलवर चालणारा ब्रश आधी स्वस्त वाटतो, पण सेलचा खर्च धरायला विसरू नका. चार्ज होणाऱ्या ब्रशची तर मजाच आहे. मूठ स्टँडवर ठेवली की बरेच ब्रश वायर न खुपसताच चार्ज होतात. स्टँडमध्ये तारेचं एक वेटोळं, मुठीत दुसरं. एकातून वीज वाहिली की दुसऱ्यात आपोआप निर्माण होते. मायकेल फॅरडेने १८३१ साली शोधलेलं तत्त्व तुमच्या बेसिनपाशी काम करतं! आणि ब्रश बिघडला तर तो किंवा त्यातली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. ई-कचरा जमा करणाऱ्याकडेच द्या.

वापरायची रीतही वेगळी आहे हं. पेस्ट वाटाण्याएवढीच. ब्रश तोंडात घातल्यावरच बटण दाबा, नाहीतर आरशावर रांगोळी उमटेल! खसाखसा घासू नका. एकेका दातावर दोन-तीन सेकंद नुसता टेकवून पुढे सरका. बाहेरून, आतून, वरून. रात्री झोपण्यापूर्वी तर घासायचेच. सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना मोठ्यांनी मदत करावी.

आता ती सुरुवातीची गोष्ट आठवा. ज्यांचे हात नीट चालत नाहीत त्यांच्यासाठी हा ब्रश निघाला होता. तुमच्या घरात एकच घेण्याएवढे पैसे असतील, तर तो आधी कुणाला मिळायला हवा? ज्या आजीची बोटं संधिवाताने आखडली आहेत तिला? ताईच्या दातांना तारा आहेत, तिला? की धडधाकट हातांच्या तुम्हाला? आणि या महिन्यात फी आणि औषधंच जड जात असतील, तर साधा मऊ ब्रश आणि घड्याळातली दोन मिनिटं पुरेत. त्यात कमीपणा काही नाही.

या रविवारचा गृहपाठ: वरच्या १००० रुपयांच्या ब्रशची एकच मूठ चौघांनी वापरली, तर दोन वर्षांत एकूण किती खर्च येईल? ५६५० आलं असेल तर शाबास! हा हिशेब आईबाबांना दाखवा, आणि मग सगळे मिळून ठरवा.