सर्वेक्षण झाले तरी बोअर हवेच

किनारी समुद्रातील भूकंपीय सर्वेक्षणातून तळाखालचा गाळ आणि कातळ यांचा नकाशा तयार होतो, हे ‘वाचकांचा पत्रव्यवहार’मधील एका पत्राचे म्हणणे बरोबर आहे. मात्र त्यामुळे बोअर घेण्याची गरज उरत नाही, हा त्यातला निष्कर्ष टिकत नाही.

या सर्वेक्षणात बोटीमागून ओढलेल्या बूमर किंवा स्पार्करमधून ध्वनीचे ठोके सोडतात. घनता आणि ध्वनिवेग जिथे बदलतात, तिथून लहरी परततात व हायड्रोफोन त्या टिपतो. नोंद होते ती वेळेची. खोली गणिताने काढावी लागते. जाऊन-येऊन १० मिलिसेकंद लागले, तर सेकंदाला १,६०० मीटर वेग धरल्यास थर ८ मीटर जाड ठरतो, १,८०० धरल्यास ९ मीटर. कोणता वेग खरा, हे बोअरशी ताडून पाहिल्यावर कळते.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणखी एक अडचण आहे. इथल्या उथळ भूखंडमंचावरील चिकणमातीत अनेक ठिकाणी वायू साठलेला असतो. थोडासा वायूही ध्वनी विखुरतो आणि शोषतो. नोंदीवर धूसर पट्टा उमटून खालचे थर झाकले जातात. तेवढ्यावरून तिथे कातळ नाही असे म्हणता येत नाही. शिवाय तळ आणि पाण्याचा पृष्ठभाग यांमध्ये पुन्हा आपटून आलेला प्रतिध्वनी, तळाच्या दुप्पट वेळेवर, खोट्या थरासारखा दिसतो.

म्हणून बंदर किंवा पुलाच्या कामात आधी एकमेकींना छेदणाऱ्या रेषांवर सर्वेक्षण करावे, संशयाच्या जागी बोअर घ्यावेत आणि मगच नकाशा पक्का करावा.