विश्लेषण : सांडपाणी विषारी आहे का, हे मासे कसं सांगतात? आणि वाघूरकाठचं पहूर या चाचणीबाहेर का?

नदीत मासे मेले की पाण्याचे नमुने तपासायला जातात. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मासे मेले, तेव्हाही हेच झालं. पण सांडपाणी नदीत जाण्याआधीच ते विषारी आहे का, हे कळू शकतं.

चाचणी काय आहे?
तिचं नाव बायोअसे. कारखान्याच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात, साधं पाणी न मिसळता, मासे ९६ तास ठेवतात. दहापैकी किमान नऊ जगले पाहिजेत. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या सर्वसाधारण मानकांतच ९० टक्के मासे जगण्याची ही अट आहे. चाचणीसाठी लहानसा, पट्ट्यांचा झेब्रा मासा वापरतात. डॅफ्निया या बारीक जलचरावरची चाचणी ४८ तासांची असते.

बीओडी पुरेसा नाही?
नाही. सांडपाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात, ते बीओडी सांगतो. पाणी इतकं विषारी असेल की जिवाणूच मरतील, तर बीओडी उलट कमी दिसतो. शिवाय कीटकनाशक, जड धातू, रंग एकत्र आले की काय होतं, हे एकेका आकड्यातून कळत नाही. मासा मात्र सगळ्याचा एकत्रित परिणाम दाखवतो.

मग अडचण कुठे?
ही चाचणी चार दिवसांतले मृत्यू मोजते. थोडं थोडं विष महिनोन्‌महिने पोटात गेलं तर काय, हे ती सांगत नाही. आणि ती होते कारखान्याच्या पाइपाच्या तोंडाशी.

पहूरचा संबंध काय?
अजिंठ्याच्या डोंगरातून येणारी वाघूर जामनेर तालुक्यात पहूरवरून पुढे वाघूर धरणात जाते. जळगाव शहर याच धरणाचं पाणी पितं. अशा नदीला धोका फक्त कारखान्याचा नसतो. गावांचं सांडपाणी आणि कापसावर फवारलेलं औषधही पावसाबरोबर ओढ्यांतून येऊ शकतं. घरगुती सांडपाणी प्रक्रिया केंद्रांसाठी २०१७ ला आलेल्या मानकांत सामू, बीओडी, तरंगते घनकण आणि विष्ठेतले जिवाणू एवढंच आहे, माशांची चाचणी नाही. शेतातून वाहून येणाऱ्या पाण्याला तर पाइपच नाही, मग नमुना घ्यायचा कुठून?

म्हणून अशा नद्यांवर धरणाच्या वरच्या बाजूला, विशेषतः फवारणीच्या दिवसांत, नदीच्याच पाण्यावर ही चाचणी व्हायला हवी. नाहीतर पाणी बिघडल्याचं पहिल्यांदा कळेल ते मेलेले मासे वर तरंगल्यावरच.