'सरसकट' म्हणजे काय?

घरात इंग्रजी माध्यमात शिकणारे मूल असेल तर 'इन्डिस्क्रिमिनेट' या विशेषणाशी आपली कधी ना कधी गाठ पडतेच. 'याला मराठीत काय म्हणायचं?' या प्रश्नाला एकाच शब्दात उत्तर देण्याची घाई करू नये, असे मी सुचवीन. निवड न करता, पारख न करता केलेल्या कृतीसाठी मराठीत कितीतरी शब्द आहेत आणि गंमत अशी, की त्यांतला योग्य शब्द मात्र निवडूनच घ्यावा लागतो.

गोळीबार बेछूट असतो, आरोपही बेछूट असतात. सुटलेली गोष्ट कोणाला लागेल याची पर्वा दोन्हीकडे नसते. वृक्षतोड बेसुमार होते. 'शुमार' म्हणजे मोजदाद. ती जिथे सुटली तिथला हा शब्द. कारभार अंदाधुंद, खर्च भरमसाट, बोअरचा उपसा अनिर्बंध. साध्या सर्दीलाही प्रतिजैविके घेणारा माणूस ती ऊठसूट घेतो. त्याच्या त्या सवयीला आपण 'बेछूट' म्हणत नाही, कारण त्यात बेफिकिरी असली तरी वार नसतो. आणि निरपराध माणूस अपराध्यांसोबत भरडला गेला, की आपली म्हण तयार असते: सुक्याबरोबर ओलंही जळतं.

या सगळ्या भावंडांत मला सर्वांत विचार करायला लावणारा शब्द वाटतो तो 'सरसकट'. आमच्या हिंगोली जिल्ह्यात तो शब्दकोशापेक्षा तहसील कचेरीच्या आवारात अधिक ऐकू येतो. १ आणि २ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, उभी पिके पाण्याखाली गेली. अशा प्रत्येक वेळी निवेदनांत एक मागणी हमखास असते : 'सरसकट पंचनामे करा.' शब्दांकडे नीट पाहिले तर ही मागणी स्वतःशीच भांडते. पंचनामा म्हणजे पंचांसमक्ष जागा पाहून केलेली नोंद. जे पाहून करायचे ते सरसकट कसे करणार?

पण शेतकऱ्याची भाषा चुकली असे म्हणून मोकळे होता येणार नाही. त्याच्यापुढे येणारी मोजपट्टीच मुळात सरसकट असते. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. पीक ३३ टक्के वा त्याहून अधिक गेले तर मदत. मंडळातले पर्जन्यमापक एका गावात आणि ढगफुटी झाली दुसऱ्याच शिवारात, तर बुडालेल्या शेतकऱ्याने काय करावे? पैसेवारीही गावाची निघते, एकेका शेताची नाही. मोजताना ज्याचे शेत कोणी पाहिले नाही, तो वाटपाच्या वेळी 'सरसकट द्या' म्हणणारच.

म्हणजे या एका शब्दात दोन अर्थ नांदतात : कोणालाही न वगळता आणि कोणालाही न पाहता. इंग्रजी शब्दातही हीच गुंतागुंत आहे. त्याच्या पोटात पक्षपातही आहे आणि पारखही. मराठीने मात्र त्यांची वाटणी केली आहे. पक्षपाताला आपण भेदभाव म्हणतो, पारखीला विवेक. भेदभाव टाळायचा म्हणून विवेकही सोडून द्यायचा, असे आपल्या भाषेत कुठेच म्हटलेले नाही.

हे समजून घ्यायला जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी जो आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात शिंपी नामदेव, विणकर कबीर आणि चर्मकार रविदास यांची पदे एकत्र आली. नामदेवांची त्यात ६१ पदे आहेत. जात पाहिली नाही, पण पद पारखून घेतले. तिथे भेदभाव नव्हता, निवड होती.

वसमतकडचा हळद उत्पादकही हेच करतो. काढणी झाली की जेठे गड्डे, बगल गड्डे आणि हळकुंडे वेगवेगळी करतो. बेण्यासाठी निरोगी गड्डे निवडून ठेवतो. सगळा माल एकाच ढिगात घातला तर भाव पडतो आणि रोगट बेणे पुढच्या हंगामालाही नडते. मात्र या निवडीत शेतातला एकही गड्डा तो न पाहता टाकत नाही.

म्हणून यापुढे एखाद्या आश्वासनात, आदेशात किंवा भाषणात 'सरसकट' हा शब्द दिसला, की तो कोणत्या अर्थाने वापरला आहे, हे आपण मुलांसमोर मोठ्याने विचारावे. मदत देताना पात्र असलेल्या एकालाही वगळू नये आणि नुकसान मोजताना एकाही बांधावरून न पाहता पुढे जाऊ नये.