‘ताप कसला, ते अजून सांगता येत नाही’ म्हणणारा डॉक्टर कच्चा नसतो!

सिंधुदुर्गातल्या पावसाळी तापात दुसरी भेट पहिलीपेक्षा महत्त्वाची का?

जून-जुलैत मालवण, कुडाळकडचे दवाखाने तापाच्या रुग्णांनी भरतात. लावणीच्या चिखलात उतरलेल्याला लेप्टो असू शकतो. डेंग्यू, मलेरिया किंवा साधा विषाणूजन्य तापही असू शकतो. पहिले दोन दिवस लक्षणं जवळपास सारखीच असतात : ताप, डोकेदुखी, अंगदुखी.

मग लगेच रक्त का तपासू नये?
तपासावं, पण रिपोर्टलाही वेळ कळावी लागते. डेंग्यूची एनएस-१ चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी पडते. लेप्टोच्या अँटिबॉडी मात्र पहिला आठवडा सरताना दिसू लागतात. म्हणजे दुसऱ्या दिवशीचा ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट ‘लेप्टो नाही’ असं सांगत नाही. म्हणूनच दाट संशय असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करतात.

ताप उतरला म्हणजे सुटलो?
नाही. डेंग्यूत खरा धोका अनेकदा ताप उतरतानाच असतो. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात आढळलेल्या माकडतापात तर काहींना बरं वाटल्यावर एक-दोन आठवड्यांनी ताप उलटतो.

चुकतं कुठे?
दोन दिवसांत गुण आला नाही की डॉक्टर बदलला जातो. नवा डॉक्टर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करतो. दुसरीकडे, ‘माहीत नाही’ म्हटलं तर पेशंट जाईल, या भीतीने काही डॉक्टर ‘व्हायरल आहे’ म्हणून मोकळे होतात. ‘बरं नाही वाटलं तर या’ हा सल्लाही अपुराच. एसटीचं भाडं आणि बुडणारी मजुरी पाहता माणूस उगाच परत येत नाही.

केसपेपरवर काय हवं?
- आज तापाचा कितवा दिवस
- कोणत्या आजारांचा संशय
- परत येण्याची नेमकी तारीख, नाहीतर निदान फोनची वेळ
- न थांबता कधी यायचं : लघवी कमी होणं, डोळे पिवळे होणं, दम लागणं, सतत उलट्या, पोटात जोरात दुखणं, रक्तस्राव, गुंगी

यातलं एक जरी दिसलं तरी तारखेची वाट पाहू नये. १०८ला फोन करून रुग्णालय गाठावं.

एवढ्या चार ओळी लिहायला दोन मिनिटं लागतात. त्या लिहिणं ही डॉक्टरांची जबाबदारी, आणि डॉक्टर बदलला तरी तो कागद सोबत नेणं ही रुग्णाची.